जहाज निघण्याआधी विचारायचे प्रश्न : 'लोहाफेक्स' प्रयोगाची गोष्ट



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पाण्याचे नमुने घ्यायला कोकणातल्या एका बंदरावर गेले होते. बाटल्या भरून झाल्या, लेबलं लावली आणि निघणार तेवढ्यात बोटीचे तांडेल म्हणाले, "ताई, दरवेळी कोणी ना कोणी येऊन पाणी नेतं. त्यात काय सापडलं ते सांगायला मात्र कोणी परत येत नाही." मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. समुद्रावर संशोधन करणाऱ्यांनी समाजाशी कधी आणि काय बोलायचं, हे शोधताना मला २००९ सालचा एक प्रयोग सापडला. त्यात आपल्या शेजारच्या गोव्यातली संस्था होती. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी.

प्रयोगाचं नाव 'लोहाफेक्स'. 'लोहा' म्हणजे आपलं लोखंडच. गोव्यातल्या दोनापावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगनर संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प होता. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे दोन प्रमुख शास्त्रज्ञ.

आधी विज्ञान समजून घेऊ. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर आहे. तरीही तिथे वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसदृश जीव, अपेक्षेपेक्षा कमी वाढतात. कारण लोहाची टंचाई. लोह घातलं तर प्लवक वाढतील, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतील आणि मेल्यावर तो कार्बन खोल समुद्रात नेतील, अशी कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जोरकसपणे मांडली. समुद्रातला पहिला प्रयोग १९९३ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ झाला. प्लवक वाढतात हे पुढच्या प्रयोगांत पक्कं झालं. कार्बन खरंच खोल जातो का आणि किती, हा प्रश्न मात्र उरला.

दरम्यान या कल्पनेचा वास बाजाराला लागला. 'प्लँक्टोस' नावाच्या अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये गॅलापागोसजवळच लोह टाकून कार्बन क्रेडिट विकायचा बेत जाहीर केला. पर्यावरण संघटनांनी रान उठवलं. मे २००८ मध्ये जैवविविधता कराराच्या बॉन इथल्या परिषदेत ठरलं की पुरेसा वैज्ञानिक आधार मिळेपर्यंत देशांनी असे उद्योग होऊ देऊ नयेत. अपवाद फक्त किनारी पाण्यातल्या छोट्या वैज्ञानिक प्रयोगांचा. ऑक्टोबर २००८ मध्ये लंडन कराराच्या सदस्य देशांनीही खऱ्या वैज्ञानिक संशोधनापुरतीच मुभा ठेवली.

अशा तापलेल्या वातावरणात ७ जानेवारी २००९ ला 'पोलारस्टर्न' हे जहाज केपटाउनहून निघालं. योजना होती सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात २० टन फेरस सल्फेट सोडण्याची. जहाज समुद्रात आणि वाद किनाऱ्यावर! हा प्रयोग बॉनच्या निर्णयाचा भंग आहे, असा आरोप संघटनांनी केला. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने तो थांबवायची मागणी केली आणि संशोधन मंत्रालयाने लोह टाकणं स्थगित ठेवायला सांगितलं. मग स्वतंत्र शास्त्रज्ञ आणि कायदेतज्ज्ञांकडून मतं मागवली गेली. अखेर २६ जानेवारीला हिरवा कंदील मिळाला.

आता निकाल ऐका. प्लवक वाढले, पण कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांनी ते खाऊन टाकले. कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉडांनी खाल्लं. त्या पाण्यात सिलिकेट कमी होतं. त्यामुळे काचेसारखं कवच असलेले आणि खोल बुडू शकणारे डायटम वाढलेच नाहीत. कार्बन फारसा खाली गेला नाही. म्हणजे लोह टाकून हवामान सुधारण्याच्या स्वस्त स्वप्नाला या प्रयोगाने चांगलाच लगाम घातला. विरोधकांना ज्या गोष्टीची भीती होती, तिच्याविरुद्धचाच पुरावा शास्त्रज्ञांनी आणला.

मग चुकलं कुठे? माझ्या मते विज्ञानात नाही, वेळेत. स्वतंत्र तपासणी आणि जाहीर खुलासा झाला, पण जहाज निघाल्यावर आणि दबावाखाली. तेच आधी झालं असतं तर? सगळा विरोध मावळला असता असं नाही. पण विरोध म्हणजे अडाणीपणा, असं समजण्याची चूक आपण करू नये. प्लँक्टोस पाहिलेल्या माणसाला शंका येणारच.

आता याची दुसरी बाजू. जुलै २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिमेला हायडा ग्वाय बेटांजवळ सुमारे १०० टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात टाकले गेले, लोहाफेक्सच्या योजनेच्या कितीतरी पट. हायडा समाजाच्या एका गावाने मतदान करून या प्रकल्पात पैसा घातला होता. सॅमन मासे वाढतील आणि कार्बन क्रेडिटमधून पैसा परत येईल, अशी आशा होती. जगाला हे कळलं ते काही महिन्यांनी, बातम्यांतून. पुढे सरकारी चौकशी झाली. म्हणजे इथे गावाचा होकार होता, पण खुली तपासणी नव्हती. लोहाफेक्समध्ये विज्ञान भक्कम होतं, पण संवाद उशिरा. लोकांचा होकार आणि तज्ज्ञांची तपासणी, यातलं एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

२०१० मध्ये लंडन कराराच्या देशांनी अशा प्रयोगांसाठी मूल्यमापनाची चौकट स्वीकारली. प्रयोगातून थेट आर्थिक फायदा नको, तज्ज्ञांकडून परीक्षण हवं, निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला हवेत आणि संबंधितांशी सल्लामसलत व्हावी, हे सगळं त्यात आलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे जहाज घेऊन दक्षिण महासागरात चाललोय? खरंय. पण संशोधन आराखडा लिहिताना एवढे प्रश्न स्वतःला विचारा: या पाण्यावर कोणाचं पोट आहे? सुरुवात करण्याआधी त्यांना काय सांगणार? माझा अंदाज चुकला तर नुकसान कोणाचं? निकाल त्यांच्या भाषेत कधी पोचवणार? याची उत्तरं कामाच्या वेळापत्रकात तारखेसकट लिहा, नाहीतर ते राहूनच जातं. माझं राहिलं होतं.

मागच्या हंगामात मी निकाल एका पानावर मराठीत लिहून त्याच बंदरावर नेले. एका ठिकाणी नायट्रेट खूप जास्त आलं होतं आणि मला कारण लागत नव्हतं. तांडेलांनी नकाशावर बोट ठेवलं. "इथे आमच्या वाडीचा ओढा येऊन मिळतो. तुम्ही पाणी घेतलंत त्याच्या आदल्या रात्री धो धो पाऊस होता." माझ्या वहीत पावसाची नोंद नव्हती. आता दर नमुन्यापुढे तो रकाना आहे.