उतारशाळेचे दार

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये येथे झाला. नामदेव पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली; म्हणूनच वारकऱ्यांप्रमाणे शीख यात्रेकरूही नरसीला येतात. एवढा पल्ला पायी चालणारा माणूस रात्री पाठ कोठे टेकत असेल? या प्रश्नाने आम्हांला मराठवाड्यातील जुन्या निवाऱ्यांकडे वळविले.

अजिंठ्याचे १२ क्रमांकाचे लेणे ख्रिस्तपूर्व काळातील आहे. मधोमध चौरस दालन, तीन बाजूंना मिळून १२ खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे. हे एका व्यापाऱ्याचे दान, असे तेथील शिलालेख सांगतो. पावसाळ्यात भटकंती थांबवून भिक्षू अशा विहारांत राहत. येथून थोड्याच अंतरावर, घाटाच्या पायथ्याशी, फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातील सराई आहे. बऱ्हाणपूर-औरंगाबाद वाटेवरचे काफिले येथे उतरत. बाहेर भक्कम तट, आत विस्तीर्ण अंगण आणि अंगणाभोवती ओळीने कमानदार खोल्या. दोन्ही वास्तूंचा धर्म निराळा, मध्ये दीड हजारांहून अधिक वर्षांचे अंतर. तरी आराखडा मूलतः एकच. मध्ये सर्वांची मोकळी जागा, कडेने ज्याची त्याची खोली. एकांतही मिळावा आणि सोबतही, ही थकल्या वाटसरूची गरज दोन्ही ठिकाणच्या कारागिरांनी ओळखली होती.

परंतु भिंतीला दार आले की दारावर माणूस येतो, आणि कोणाला आत घ्यावे हे तो ठरवितो. नामदेवांचे सहप्रवासी संत चोखामेळा यांना विठ्ठलमंदिराच्या बाहेरच राहावे लागले. ते मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून मरण पावले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणून नामदेवांनी महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. तरीही शतके लोटली आणि दारे तशीच राहिली. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. पुढे १९२० मध्ये गाडगे महाराजांनी पंढरपुरात, इतर धर्मशाळांत ज्यांना थारा नव्हता अशा यात्रेकरूंसाठी, चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली.

हे वाचून आपण ख्रिस्ती माणसांनी सुस्कारा सोडू नये. आपल्याच देशात काही ख्रिस्तमंदिरांत जातीनुसार बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. काही दफनभूमींत मृतांमध्येही भिंत उभी राहिली. संत लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळा दोनदा भेटते. बेथलेहेमच्या उतारशाळेत प्रभूला जागा नव्हती; यरीहोच्या वाटेवरील उतारशाळेत एका शोमरोन्याने घायाळ परक्याला पोहोचविले आणि त्याच्या खर्चासाठी दोन दिनार ठेवले. दारे दोन्हींना होती.

येत्या नाताळात आपण गव्हाणी सजवू, चांदणी टांगू. त्याआधी आपल्या घराच्या आणि धर्मग्रामाच्या दाराशी क्षणभर उभे राहावे. आपल्या अंगणात अजून कोणाला जागा मिळालेली नाही, हे तेथूनच दिसते.