संगमरवरावरचा आकडा

सातारा जिल्ह्यातील किंवा कोकणातील एखाद्या गावी, चावडीच्या अथवा शाळेच्या भिंतीत बसविलेला लहानसा संगमरवरी फलक अजून दृष्टीस पडतो. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच काय तो मजकूर. दोन आकडे. बहुतेक फलकांवर नाव एकाचेही नसते.

त्या आकड्यांत दडलेली माणसे कोठे कोठे गेली होती? मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरील कूत-अल-अमारा या गावी तुर्कांनी त्यांना वेढले. वेढा सुमारे पाच महिने चालला. धान्य सरत आले तेव्हा घोड्यांचे मांस देऊ करण्यात आले. धर्म बुडेल या धास्तीने अनेक हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ नाकारले, आणि त्यांना स्कर्व्ही जडला. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. पुढे वाळवंटातून पायपीट आणि रास-अल-ऐनच्या रेल्वेमार्गावर वेठबिगारी. सेनापती टाउनशेंड यांची कैद मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर, बऱ्याच इतमामात गेली. १९२० साली त्यांचा ग्रंथही निघाला. ज्याने रुळांखालची माती उपसली त्याला बहुधा लेखणी धरता येत नव्हती.

तरीही त्या युद्धातील साध्या शिपायाचे शब्द थोडेबहुत उरले आहेत, आणि ते कोणी राखले हे पाहिले की मन चकित होते. फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी शिपायांची पत्रे बुलोनच्या कचेरीत उघडून वाचली जात. असंतोष हुडकण्यासाठी निवडक उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे करण्यात आली. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत ती तीच. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. शिपाईही भोळे नव्हते. काळे मिरे म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशा सांकेतिक भाषेत ते घरी खबर धाडीत. त्यांचे मन आपल्याला कळते ते संशयखोर अधिकाऱ्याच्या कृपेने!

दुसरे रखवालदार तर प्रत्यक्ष शत्रू. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणीत जर्मन विद्वानांनी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. त्यांना हवे होते भाषेचे नमुने. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग नावाच्या पंजाबी कैद्याला कर्ण्यापुढे उभे केले, तेव्हा तो स्वतःविषयीच, पण एखाद्या परक्या माणसाची गोष्ट सांगावी तसे बोलला : तो माणूस हिंदुस्थानात लोणी खात असे, आता त्याला परत जायचे आहे. भाषाशास्त्राच्या कपाटात असा एक माणूस कोंडून राहिला.

तिसरी व्यक्ती मात्र घरातली, आणि मला ती सर्वांत थोर वाटते. कूतच्या वेढ्यात सापडलेले बंगाली लष्करी डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी १९१७ साली बंदिवासात वारले. त्यांनी आईला धाडलेली पत्रे घरात होती. ऐंशीच्या घरातील त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी ती जुळवून १९२८ साली ‘कल्याण-प्रदीप’ हा चरित्रग्रंथ सिद्ध केला. ना सरकारी हुकूम, ना विद्यापीठाचे अनुदान.

त्या महायुद्धात सेवा केलेली जगातील शेवटची व्यक्ती २०१२ साली निवर्तली. तिथे विचारण्याची सोय संपली. दुसऱ्या महायुद्धातील जे कोणी आहेत ते शंभरीच्या आसपास, आणि १९७१ चे जवानही सत्तरी ओलांडून गेले. अमेरिकेच्या काँग्रेसने २००० साली कायदा करून आपल्या माजी सैनिकांच्या आठवणी राष्ट्रीय ग्रंथालयात जमविण्याचे काम हाती घेतले. ध्वनिमुद्रण निदान अर्ध्या तासाचे असावे अशी तेथील एक अट. आपल्या आळीतील निवृत्त सुभेदारांसाठी अर्धा तास काढणे तसे कठीण नाही. पण ‘युद्धाचे सांगा’ म्हटले की ते गप्प बसतात. त्यापेक्षा भाकरी मिळे का, पत्र किती दिवसांनी पोचे, शेजारच्या खाटेवर कोण होते, असे विचारावे. बोलणे संपल्यावर ट्रंकेतील पलटणीचे छायाचित्र मागून घ्यावे, आणि ते सांगतील तशी नावे पाठीमागे पेन्सिलीने लिहावीत, डावीकडून उजवीकडे, ओळीने.