उसना शिक्का

डॉट कॉमचे नाव घ्यायचे तर १९९९पर्यंत एकच खिडकी होती, नेटवर्क सोल्यूशन्स. १९९५पासून तिथे दोन वर्षांचे १०० डॉलर मोजावे लागत. १९९८ साली स्थापन झालेल्या, इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ही मक्तेदारी मोडली. एप्रिल १९९९मध्ये मेलबर्न आयटी, रजिस्टर डॉट कॉम यांच्यासह पाच कंपन्यांना चाचणीपुरती नावे विकायची मुभा मिळाली आणि पुढे मान्यताप्राप्त रजिस्ट्रार, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपन्या, शेकड्यांनी झाले. पण मान्यता म्हणजे आयकॅनशी थेट करार, वर्षाला ४,००० डॉलर शुल्क, वर ७०,००० डॉलरचे खेळते भांडवल. वेबसाइट बनवून देणाऱ्या छोट्या दुकानदाराला ते कुठून परवडणार? तो रजिस्ट्रारकडून घाऊक भावाने नावे घेऊन आपल्या पाटीखाली विकू लागला. हाच रीसेलर. मुंबईच्या डायरेक्टाय कंपनीचा रीसेलरक्लब अशाच दुकानदारांच्या जोरावर वाढला. या धंद्यात गैर काही नाही. गडबड होते ती वेबपानाच्या तळाशी, जिथे व्हिसा-मास्टरकार्डच्या चित्रांशेजारी आयकॅनच्या मान्यतेचा लोगोही येऊन बसतो. चित्र उतरवून घ्यायला करार लागत नाही.

यावर रीसेलरची बाजू अशी मांडता येते, की नाव शेवटी मान्यताप्राप्त रजिस्ट्रारकडेच नोंदले जाते, मग लोगो खोटा कसा? शिवाय खरा लोगो तरी चोख सेवेची हमी कुठे देतो? दुसरा मुद्दा बिनतोड वाटतो. रजिस्टरफ्लाय आधी रीसेलर होती, मग मान्यता असलेली एक कंपनी विकत घेऊन रजिस्ट्रार झाली आणि २००७मध्ये कोसळली. पैसे भरूनही नूतनीकरण होईना, लोकांची नावे हातची जाऊ लागली. पण गोष्ट इथे संपत नाही. करार होता म्हणूनच आयकॅनला तिची मान्यता काढता आली, कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात जाऊन ग्राहकांच्या नोंदी मिळवता आल्या आणि लाखो नावे गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे वळवता आली. निव्वळ रीसेलर बुडाला असता, तर आयकॅनच्या हाती त्याच्याशी केलेला कागदच नसता. लोगो सांगतो ते एवढेच, की बुडालो तर दाद कुठे मागायची. उसना लोगो नेमके तेच खोटे सांगतो.

मे २००९मध्ये मंजूर झालेल्या आयकॅन-रजिस्ट्रार करारात कलम ३.१२ आले. लेखी परवानगीशिवाय रीसेलरने लोगो लावायचा नाही, स्वतःला मान्यताप्राप्त म्हणवायचे नाही, आणि ग्राहकाने विचारल्यास मूळ रजिस्ट्रारचे नाव सांगायचे. हे पाळून घ्यायचे कोणी? तर ज्याचा माल रीसेलर खपवतो त्या रजिस्ट्रारनेच. (रोजच्या गिऱ्हाइकाला कोणता घाऊक व्यापारी दटावतो?) म्हणून लोगोबंदीपेक्षा नाव सांगायची अट मला जास्त कामाची वाटते. आयकॅनच्या लुकअप पानावर आपले डोमेन टाकून पाहा. तिथे रजिस्ट्रार म्हणून जे नाव दिसेल ते आजच लिहून ठेवा. पावतीवर बहुधा ते नसेल.