खानदेशातील वास्तुपरंपरा आणि नैसर्गिक प्रकाशयोजना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
वास्तूत प्रकाश कोठून व किती घ्यावा, हा प्रश्न मानवी निवाऱ्याइतकाच जुना आहे. आधुनिक वास्तुशास्त्राने त्यावर ‘लाइट शेल्फ’ अर्थात प्रकाशफळीचा उपाय सुचविला. खिडकीत डोळ्यांच्या पातळीच्या वर बसविलेली ही आडवी, पांढरी फळी खिडकीलगतचे प्रखर ऊन अडविते व तेच छताकडे परावर्तित करून खोलीच्या अंतर्भागात पोहोचविते. या विचाराची पूर्वपीठिका खानदेश व त्याच्या परिसरात शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रकाश वरून घेण्याची परंपरा :
खानदेशाच्या सीमेवरील अजिंठ्याच्या ९, १९ व २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांत प्रवेशद्वाराच्या वर भव्य गवाक्ष आहे. उंचावरून आलेला प्रकाश अधिक खोल जातो, म्हणूनच अगदी आतला स्तूपही उजळतो. सामान्यांच्या धाब्याच्या घरात हेच काम ‘सानं’ करीत असे. जाड मातीच्या भिंतींत खिडक्या मोजक्याच असत. उष्मा व चोरी या दोहोंपासून त्यामुळे संरक्षण मिळे. मग प्रकाशासाठी मातीच्या सपाट छपरातच झरोका ठेवला जाई. चुलीचा धूरही त्यातूनच बाहेर पडे. पाऊस आला की मात्र तो झाकावा लागे.

पिंपळनेरचा संदर्भ :
पांझराकाठचे पिंपळनेर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस येथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे साडेपंचेचाळीस अंशांवर असतो, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतील प्रकाशफळी हिवाळ्यात विशेष उपयुक्त ठरते. ढगाळ दिवसांत तिचा लाभ अल्प असतो, हेही नमूद केले पाहिजे.

भारतीय मानकांत प्रकाशयोजनेसाठी आकाशाची दीप्ती ८००० लक्स गृहीत धरली आहे. तिचा एक टक्का म्हणजे ८० लक्स. तात्पर्य, उणीव प्रकाशाची नसून त्याच्या वाटपाची आहे.

निष्कर्ष :
सिमेंटच्या स्लॅबबरोबर सानं लोपले, पण त्याची जागा घेणारी योजना आपण केली नाही. परिणामी भर दुपारीही आतल्या खोलीत दिवा लावावा लागतो. शाळा-महाविद्यालयांच्या नव्या वर्गखोल्यांत दक्षिणेस उंच खिडकी, प्रकाशफळी व पांढरे छत यांचा विचार व्हावा. तसेच उरलेली धाब्याची घरे पाडली जाण्यापूर्वी त्यांतील सान्यांची मोजमापे व छायाचित्रे नोंदविली जावीत. अन्यथा आपल्याच पूर्वजांनी सोडविलेला प्रश्न आपल्याला नव्याने सोडवावा लागेल.