तळटीप : रताळ्यातील गुणभेद आणि आनुवंशिकता

* निरनिराळ्या वाणांत दिसणाऱ्या एकूण तफावतीपैकी जो हिस्सा जमीन, पाऊस व खत यांच्या खाती न पडता बीजगत भेदांच्याच खाती जमा होतो, तो त्या गुणाची आनुवंशिकता होय. रताळ्याच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच, म्हणजे एकूण ९० गुणसूत्रे असल्यामुळे, आणि बहुतेक वाण स्वपरागाने फलित होत नसल्यामुळे, बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप आपल्या भावंडांहून निराळे निघते. उलटपक्षी, वेलाच्या तुकड्यांनी लागवड केली असता निवडलेल्या रोपाची संपूर्ण जनुकरचना बहुतांशी जशीच्या तशी पुढे जाते, आणि म्हणूनच एकदा साधलेली उत्तम निवड या पिकात चिरस्थायी ठरते. गराचा रंग परिस्थितीला फारसा वश नसतो, कंदांचे उत्पन्न मात्र ठिकाणागणिक व हंगामागणिक पालटते. आफ्रिकेत अ-जीवनसत्त्वाच्या दृष्टीने पोषक अशा नारिंगी गराच्या रताळ्यांवरील कार्याबद्दल मारिया आंद्राद, रॉबर्ट म्वांगा व जॅन लो हे २०१६ च्या जागतिक अन्न पुरस्काराचे मानकरी ठरले, त्या यशाच्या मुळाशी रंग व उत्पन्न यांतील हाच भेद आहे. सबब, एकाच शेतातील एका हंगामाच्या उत्पन्नावरून काढलेला आनुवंशिकतेचा आकडा वाचकाने सार्वत्रिक प्रमाण मानू नये.