छोट्या रेल्वेची मोठी निगा

माळ्यावरचे एखादे जुने खोके उघडावे आणि त्यातून रुळांचे तुकडे, दोन-चार डबे व एक सुबक इंजिन बाहेर यावे, हा प्रसंग अनेक शहरी घरांत घडतो. परदेशी गेलेल्या मामाने किंवा काकाने कधीकाळी आणलेली ती गाडी हौसेने रुळांवर चढविली जाते, बटण फिरविले जाते, दिवा मिणमिणतो. इंजिन बोटभर सरकते आणि थांबते. 'बिघडली' असा शेरा मारून खोके पुन्हा माळ्यावर जाते. वास्तविक अशा अनेक इंजिनांत काहीच तुटलेले नसते. रुळापासून मोटारीपर्यंतचा विजेचा मार्ग मळलेला असतो, इतकेच. उलट दुरुस्तीच्या उत्साहात सँडपेपर, भरमसाट तेल किंवा चुकीचा ट्रान्सफॉर्मर वापरल्याने कायमची निकामी झालेली इंजिनेही थोडी नाहीत. म्हणूनच 'निगा आधी, सुधारणा नंतर' हा या छंदातील पहिला नियम मानावा लागतो.

प्रमाण आणि रूळ

सुटे भाग घेण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या प्रमाणातील आहे, हे ओळखणे आवश्यक असते. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले 'एचओ' प्रमाण १:८७ असून त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. 'एन' प्रमाण १:१६० व अंतर ९ मिलिमीटर. ब्रिटिश 'ओओ' गाड्या १:७६ प्रमाणात असूनही १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर धावतात. त्यामुळे रूळ सामाईक, पण इंजिनाचे भाग निराळे, असा घोळ होऊ शकतो. आपल्याकडील ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. काटेकोर हिशेबाने एचओ प्रमाणात ते १९ मिलिमीटरहून किंचित अधिक भरते. तरीही भारतीय इंजिनांच्या प्रतिकृती सोयीसाठी १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर चालविल्या जातात.

या छंदाला शिस्त लावण्याचे श्रेय बऱ्याच अंशी प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थांना जाते. अमेरिकेतील 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' (एनएमआरए) ही संस्था १९३५ मध्ये स्थापन झाली. युरोपात 'एनईएम' या नावाने मानके ठरविली गेली. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला जोडता येतो, तो या मानकांमुळे.

आधी वीज तपासा

प्रचलित दोन-रुळी पद्धतीत इंजिनाला साधारण १२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह मिळतो. एका रुळावरील चाकांतून वीज आत शिरते, धातूच्या पातळ पट्ट्यांमार्फत मोटारीच्या कार्बन ब्रशांपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत जाते. रुळांतील प्रवाहाची दिशा उलटली की गाडी उलट धावते. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीच्या पारंपरिक एचओ गाड्यांची पद्धत मात्र वेगळी आहे. त्यांत रुळांच्या मधोमध खुंट्यांची तिसरी वाहक ओळ असून जुनी इंजिने एसी प्रवाहावर चालतात. या दोन पद्धतींची सरमिसळ केल्यास मोटार जळण्याचा धोका असतो.

त्याहून मोठा धोका भिंतीवरील प्लगमध्ये दडलेला आहे. अमेरिकेतून आलेल्या संचातील ट्रान्सफॉर्मर बहुधा १२० व्होल्टसाठी बनविलेला असतो, तर आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. बाजारात मिळणारा पिन बदलणारा अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेज कमी करीत नाही. उपकरणावरील पट्टीवर '१००-२४० व्होल्ट' असे छापलेले नसेल, तर योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा अथवा २३० व्होल्टचा नवा कंट्रोलर वापरावा. वायरचे आवरण तडकलेले जुने ट्रान्सफॉर्मर मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत.

दोष कुठे आहे?

स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी दोष रुळात आहे की इंजिनात, हे ठरवावे. त्याच रुळावर दुसरे इंजिन चालवून पाहावे. दोन्ही इंजिने एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर रुळाचा जोड सैल असतो किंवा तेथे मळ साचलेला असतो. दुसरे इंजिन नसेल, तर डीसीवर चालणारे आपले इंजिन उलटे धरून नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन टोके वायरने दोन्ही बाजूंच्या चाकांना टेकवावीत. चाके सुरळीत फिरली तर मोटार ठीक आहे, असे समजावे. मोटार गुणगुणते पण चाके फिरत नाहीत, तेव्हा गिअर निखळला असण्याची किंवा जुने ग्रीस घट्ट झाल्याची शक्यता असते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज येत असेल, तर आसावरील प्लॅस्टिकचे दंतचक्र तडकले असावे. ते डिंकाने चिकटवून टिकत नाही, बदलणेच श्रेयस्कर.

स्वच्छता आणि वंगण

चाकांवर साचणारा काळा थर म्हणजे धूळ, तेल आणि विजेच्या सूक्ष्म ठिणग्यांनी तयार झालेली ऑक्साइडे यांचे मिश्रण होय. तो काढण्याची एक सोपी युक्ती आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेला टिश्यू पेपर रुळांवर आडवा पसरावा, इंजिनाची अर्धी चाके त्यावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवावीत आणि इंजिन हाताने धरून वीज द्यावी. कागदावरील चाके फिरता फिरता स्वतःच पुसली जातात. नंतर बाजू बदलावी. वीज देण्यापूर्वी कागद ठिबकणारा नाही याची खात्री करावी आणि खोलीतील खिडकी उघडी ठेवावी. अल्कोहोल ज्वालाग्राही असते. रंगविलेल्या भागांवर ते लागू देऊ नये.

रूळ सँडपेपरने घासण्याचा मोह आवर्जून टाळावा. त्याने रूळ क्षणभर चकाकतात खरे, परंतु पडलेल्या बारीक ओरखड्यांत मळ अधिक वेगाने साचतो. सुती कापड आणि अल्कोहोल यांनी बहुधा काम भागते.

वंगणाच्या बाबतीत कमी तेच पुरेसे. प्लॅस्टिकला अपाय न करणारे हलके तेल सुईच्या टोकाने आसांच्या बेअरिंगमध्ये थेंबभर सोडावे. दंतचक्रांना थोडे ग्रीस लावावे. कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर, या दोहोंना तेल लागता कामा नये. तेथे गेलेले तेल ब्रशच्या भुकटीत मिसळून चिखल होतो आणि मोटार तापू लागते. स्वयंपाकघरातील तेल किंवा शिलाई यंत्राचे वाटेल ते तेल वापरणे म्हणजे काही महिन्यांनी इंजिन पुन्हा उघडण्याची तयारी करणे होय.

जुन्या, विशेषतः काही दशकांपूर्वीच्या इंजिनांबाबत दोन इशारे द्यावेसे वाटतात. त्यांतील काही मोटारींचे अल्निको चुंबक असे असतात, की मधला फिरता भाग बाहेर काढताच त्यांची शक्ती घटते. तो काढताना चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडी तुकडा ठेवावा लागतो. दुसरे असे, की दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जस्ताच्या मिश्रधातूतील ओतीव भागांत शिशाचा अंश राहिला असेल, तर ते भाग फुगतात, तडकतात आणि अखेर भुगा होतात. या रोगावर उपाय नाही. असे इंजिन चालविण्याऐवजी जपून ठेवावे.

पावसाळ्याची तरतूद

मुंबई आणि कोकणपट्टीतील दमट हवा या छंदाला मानवत नाही. पावसाळ्याच्या महिन्यांत रूळ लवकर काळवंडतात आणि पोलादी आस गंजतात. इंजिने घट्ट झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. जुन्या खोक्यांतील स्पंज मात्र काढून टाकावा; कालांतराने तो चिकट होऊन रंगाला धरतो. महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे गाडी दोन्ही दिशांना चालविली, तर वंगण गोठत नाही आणि दोषही वेळीच ध्यानात येतो.

सुधारणा : काय करावे, कशी करावी

इंजिन सुरळीत धावू लागल्यावरच सुधारणेचा विचार करावा. आज सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे 'डिजिटल कमांड कंट्रोल' अर्थात डीसीसी. या पद्धतीची मानके एनएमआरएने १९९०च्या दशकात स्वीकारली. यात रुळांत पूर्ण दाबाची वीज सतत असते आणि तिच्याच लहरींतून आज्ञा पाठविल्या जातात. प्रत्येक इंजिनातील 'डिकोडर' नावाचे छोटे सर्किट आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळते. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालविता येतात.

नव्या इंजिनांत डिकोडरसाठी खाच तयार असते. 'एनईएम ६५२' ही आठ पिनांची खाच त्यांतील परिचित प्रकार. जुन्या इंजिनात वायरींना डाख द्यावे लागतात. मानकानुसार लाल वायर उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी व करडी मोटारीची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी दिव्यांची सामाईक. येथेच बहुतेक नवशिके फसतात. अनेक जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो. तो पूर्णपणे अलग न करता डिकोडर बसविला, तर वीज देताक्षणी डिकोडर जळतो. म्हणून मल्टिमीटरने मोटारीची दोन्ही टोके सांगाड्यापासून व रुळांपासून अलग असल्याची खात्री करावी. चाके हाताने रोखून १२ व्होल्टला मोटार किती प्रवाह ओढते, हेही क्षणभर मोजावे. तो आकडा डिकोडरच्या क्षमतेपेक्षा कमीच असला पाहिजे. जोडणी झाल्यावर इंजिन प्रथम प्रोग्रामिंगसाठीच्या रुळावर ठेवावे, कारण तेथे प्रवाह मर्यादित असल्याने चूक झाली तरी नुकसान टळते.

त्याखालोखाल कमी खर्चाच्या सुधारणा येतात. जुन्या बल्बऐवजी एलईडी लावताना सुमारे १,००० ओहमचा रोधक जोडावा. घासलेले रबरी टायर बदलले, तर इंजिन अधिक डबे ओढते. सर्वच चाकांतून वीज घेण्याची सोय केली, तर सांध्यांवरचे अडखळणे थांबते.

सांधे बदलणारी दुहेरी कॉइलची यंत्रे क्षणभराच्या विजेवर चालतात. बटण दाबून ठेवल्यास कॉइल जळते. त्यांच्यासाठी कपॅसिटरमध्ये वीज साठवून एकदाच झटका देणारे सर्किट जोडणे हा स्वस्त विमाच म्हणावा लागेल.

मूळ भाग फेकू नका

कोणतीही सुधारणा परत फिरविता येईल अशी असावी. काढलेले बल्ब, कपलिंग, चुंबक, स्क्रू यांची लेबल लावलेली पुडी खोक्यातच ठेवावी. इंजिन उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि तेल, ब्रश, टायर बदलल्याच्या तारखा वहीत लिहाव्यात. दुर्मीळ इंजिनात कापाकापी केल्यास त्याचे संग्रहमूल्य घटते, हेही ध्यानी घ्यावे.

हा छंद पाहायचा असेल, तर पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये खुल्या झालेल्या 'मिनिआतुर वुंडरलँड'मध्ये एक हजाराहून अधिक गाड्या आहेत. असे प्रदर्शन चालू राहते ते पडद्यामागे रोज चाके पुसणाऱ्या आणि ब्रश बदलणाऱ्या हातांमुळे. घरच्या एका इंजिनाला एवढा खटाटोप लागत नाही. महिन्यातला अर्धा तास, एक सुती कापड आणि तेलाचा एक थेंब एवढ्यावर मामाने आणलेली गाडी पुढच्या पिढीच्या हाती चालत्या स्थितीत देता येते.