गाडीचे दात

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस पहिल्या झटक्यात किंमत विचारत नाही. तो बैलाचा ओठ वर करतो आणि दात बघतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. दातांवरून वय, वयावरून कामाची उरलेली वर्षं, आणि त्यावरून भाव. मग उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली जातात. सौदा किती झाला, ते शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही.

महाळुंगे पडवळला एका ओळखीच्या घरी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा हा बाजार आठवला. समोर इलेक्ट्रिक गाडीच्या कोटेशनचा कागद होता. एक्स-शोरूम किंमत, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज, आणि आरटीओच्या रकान्यात शून्य. कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं, ‘एमवाय २४, डिस्काउंट लागू’. घरातल्या थोरल्यांनी पुतण्याला विचारलं, “एमवाय म्हंजी काय रं?”

“मॉडेल इयर, काका. गेल्या वर्षीचं बनलेलं. म्हणून स्वस्त देतायत.”

“मग दुसा म्हण की!”

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर मात्र वाटलं, गाडीला दात कधी फुटले, हे एकदा मागं जाऊन बघायला हवं.

आधी गावाचा खुलासा. पुणे जिल्ह्यात महाळुंगे म्हटलं की घोटाळा होतो. गाड्यांच्या कारखान्यांशेजारचं ते चाकणजवळचं महाळुंगे इंगळे. बालेवाडीला लागून आहे तेही महाळुंगेच. हे पडवळांचं, आंबेगाव तालुक्यातलं. बाबू गेनू सैद इथले. मुंबईच्या गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाने भरलेल्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. या गावच्या इतिहासात मोटार आली ती अशी.

बाबू गेनूंचं जन्मसाल १९०८ सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. सुरुवातीची किंमत ८५० डॉलर. फोर्डने गाडी जवळजवळ तीच ठेवली आणि किंमत उतरवत नेली. १९२५ साली सर्वांत स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरला मिळत होती. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२०च्या दशकात याच्या बरोबर उलटा डाव टाकला. आतलं यंत्र फारसं न हलवता दरवर्षी रंग, चेहरा, सजावट बदलायची, म्हणजे ज्याच्याकडे गेल्या वर्षीची गाडी आहे त्याला ती जुनी वाटू लागेल. गाडीला दात फुटले ते इथे. बैलाचे दात निसर्गाने येतात, गाडीचे कंपनी बसवते, एवढाच फरक.

आपल्याकडे दरवर्षी नवं मॉडेल हा प्रकार बराच उशिरा आला. फियाट आणि ॲम्बॅसिडर घेणाऱ्याला गाडी कोणत्या सालची यापेक्षा नंबर कधी लागणार याची चिंता असे. स्वस्त गाडीचं स्वप्न मात्र जुनं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचा पहिला नमुना १९४९ साली तयार केला. पुढची वीसेक वर्षं ते नमुन्यामागून नमुना सुधारत राहिले. ती गाडी कारखान्यापर्यंत कधी पोचलीच नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास. ३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांनी इंडिका आणली, २ लाख ५९ हजारांपासून. पिंपरीत बनणारी ही गाडी पुढे आपल्या भागात टुरिस्ट परमिटवर इतकी धावली की लग्नाचं वऱ्हाड, भीमाशंकरची वारी आणि दवाखान्याची धावपळ, सगळं तिच्याच मागच्या सीटवर झालं.

मग टाटांचीच नॅनो. १० जानेवारी २००८ला दिल्लीत दाखवली, २३ मार्च २००९ला मुंबईत बाजारात आणली. ‘एक लाख’ हा आकडा गाडीच्या आधी घरोघर पोचला, आणि तोच तिला नडला असं माझं मत आहे. शोरूममधून बाहेर पडताना लाखाच्या वर जायचीच, आणि लोकांच्या डोक्यात ‘लाखाची गाडी’ हा शिक्का कायम. सुधारणा झाल्या, पण उशिरा. मागचं दार उघडणारी नॅनो आली ती २०१५च्या मे महिन्यात. तोवर किंमत दोन लाखांच्या घरात गेली होती. जून २०१८ मध्ये सानंदच्या कारखान्यात एकच नॅनो तयार झाली.

नॅनोपर्यंतच्या गोष्टीत किंमत म्हणजे पत्रा, इंजिन आणि नफा. विजेच्या गाडीत हिशेब वेगळा, कारण तिथे सगळ्यात महाग वस्तू सीटखाली दडलेली असते आणि तिचा भाव कंपनीच्याही हातात पुरता नसतो.

बंगळूरच्या मैनी समूहाची ‘रेवा’ २००१ साली रस्त्यावर आली. दोन दारं, साध्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, एका चार्जमध्ये ऐंशीएक किलोमीटर. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ म्हणून खपली, आपल्याकडे थोड्या हौशी लोकांनी घेतली. २०१०च्या नोव्हेंबरात केंद्राने विजेच्या वाहनांना अनुदान सुरू केलं आणि मार्च २०१२ला ते संपलं. संपल्याबरोबर खप कोसळला. विजेच्या गाडीच्या किमतीत सरकार नावाचा एक भागीदार बसलेला असतो आणि तो कधीही उठून जाऊ शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

महिंद्राने मे २०१० मध्ये रेवा कंपनी घेतली आणि मार्च २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ आणली. आता बॅटरी लिथियमची, दिल्लीतली किंमत ५ लाख ९६ हजार. लोकांना महाग वाटली. तेव्हा २०१४ साली कंपनीने एक युक्ती काढली. गाडी ४ लाख ९९ हजारांना घ्या आणि बॅटरीपोटी दरमहा २,५९९ रुपये भरत राहा. हे दोन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे परत भेटतील.

२०१७ साली ईईएसएल या सरकारी कंपनीने दहा हजार विजेच्या मोटारींचं टेंडर काढलं. टाटांचा भाव लागला, जीएसटीसह ११ लाख २० हजार. साहेबांच्या दिमतीला पांढऱ्या टिगोर आल्या. आम गिऱ्हाईक अजून लांबच होतं.

ते जवळ आलं रांजणगावातून. शिरूर तालुक्यातल्या या औद्योगिक वसाहतीत टाटांची नेक्सॉन ईव्ही बनू लागली आणि २८ जानेवारी २०२० रोजी बाजारात आली. ३०.२ युनिटची बॅटरी, किंमत १३ लाख ९९ हजारांपासून. त्याआधी १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५वर आला होता. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राने नवं धोरण आणलं. बॅटरीच्या दर युनिटमागे ५,००० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. शिवाय लवकर येणाऱ्यांना आणखी एक लाखापर्यंत. हे पहिल्या दहा हजार मोटारींपुरतंच. ज्यांना खबर होती आणि हातात पैसा होता, त्यांनी ते घेतलं. गावाकडे खबर पोचेपर्यंत रांग संपलेली असते, हा नेहमीचाच अनुभव.

आता या घराण्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा. सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीला ४५ युनिटची बॅटरी आली आणि त्या बॅटरीची किंमत सुरू झाली १३ लाख ९९ हजारांपासून. म्हणजे साडेचार वर्षांनी अगदी तोच आकडा, पण पोटात ३०ऐवजी ४५ युनिट. युनिटमागे हिशेब केला तर २०२० साली गाडी सुमारे ४६ हजारांना पडत होती, २०२४ साली ३१ हजारांना. चेहरा बदलला, दिवे बदलले, डॅशबोर्डवरचा स्क्रीन मोठा झाला, त्याची जाहिरात जोरात झाली. खरा दात बदलला होता तो खाली.

टियागो ईव्हीची कहाणी याहून वळणाची आहे. ती नॅनोच्याच सानंदमध्ये बनते. २८ सप्टेंबर २०२२ला आली तेव्हा ८ लाख ४९ हजार, पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांसाठी. गर्दी झाली म्हणून वीस हजारांपर्यंत तोच भाव ठेवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस हजारांनी वाढली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एकदम उतरली, ७ लाख ९९ हजारांवर. काही व्हेरिएंटवर तर सत्तर हजारांची घट.

कारण चीनमध्ये होतं. २०२२च्या नोव्हेंबरात लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या जवळ पोचला होता. वर्षभरात तो लाखाच्या आसपास आला. कांद्याचा भाव लासलगावला पडला की मंचरच्या बाजारात कळायला तासही लागत नाही. लिथियमचा भाव पडला, तो आपल्या शोरूमपर्यंत यायला वर्ष गेलं, पण आला. पंचाईत झाली ती जानेवारीत गाडी घेतलेल्याची. पाटी अजून कोरी करकरीत, हिरव्यावर पांढरे अंक, आणि शेजारी सांगत येतो, “दादा, महिनाभर थांबला असता तर…” कांदा उत्पादकाला हे दुःख नवं नाही, पण मोटारीत ते पहिल्यांदाच असं रोकडं भेटलं. पेट्रोलच्या गाडीचं मॉडेल जुनं झालं की चेहरा जुना होतो. इथे कालचं मॉडेल आजच्यापेक्षा महाग घेतलेलं असू शकतं.

जानेवारी २०२५ मध्ये टियागो ईव्हीचं नवं मॉडेल आलं. एलईडी दिवे, मोठा स्क्रीन, नवं स्टिअरिंग. सर्वांत खालच्या व्हेरिएंटची किंमत तीच ७ लाख ९९ हजार. बॅटरी तीच, १९.२ आणि २४ युनिटची. हा स्लोनसाहेबांचा शुद्ध वंशज.

छापील रेंजचं प्रकरणही बघून घ्यावं. नेक्सॉनच्या ४०.५ युनिटच्या बॅटरीला २०२३ साली ४६५ किलोमीटर रेंज सांगितली जायची. पुढे चाचणीत जास्त वेगाचा टप्पा धरला गेला आणि त्याच बॅटरीचा आकडा ३९० झाला. ४५ युनिटवालीची छापील रेंज ४८९, आणि कंपनीच स्वतः सांगते की प्रत्यक्षात ३५० ते ३७० धरा. माझा गावठी हिशेब सोपा आहे. युनिटला सात-आठ किलोमीटर धरायचे. महाळुंगे पडवळहून पुण्याला जाऊन यायचं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, वाटेत खेडचा घाट. लहान टियागोला ते काठावरचं, मोठ्या बॅटरीला जमण्यासारखं.

आता ते २०१४चे दोन आकडे. एमजीची ‘कॉमेट’ एप्रिल २०२३ मध्ये ७ लाख ९८ हजारांना आली. दोन दारांची, १७.३ युनिटची, गर्दीत कुठेही शिरणारी. २०२४च्या सुरुवातीला ६ लाख ९९ हजार झाली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये योजना आली. गाडी ४ लाख ९९ हजारांना घ्या, बॅटरीचे किलोमीटरमागे अडीच रुपये द्या. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर अडीच हजार रुपये. दहा वर्षांपूर्वीचे ४ लाख ९९ हजार आणि दरमहा २,५९९, जवळजवळ पैशाला पैसा तेच. याला नवीन शोध म्हणून टाळ्या पडल्या. शेतकऱ्याला यात नवं काय? ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्याचा बैल भाड्याने लावून पेरणी उरकतच आला आहे. फक्त तिथे बैलवाला कोण, ते समोर दिसतं. इथे फरक दोन लाखांचा, म्हणजे ८० हजार किलोमीटर फिरल्यावर भाडं आणि किंमत एक होतात. कमी फिरणाऱ्याने ही योजना घेतली तर चालेल. दूध घालायला, मंचर-नारायणगाव करायला रोज गाडी काढणाऱ्याने आधी पाटीवर आकडेमोड करावी.

पुण्यातल्याच एका नव्या कंपनीची छतावर सोलर पॅनेल असलेली ‘एवा’ जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ३ लाख २५ हजारांपासून जाहीर झाली, तीही बॅटरीचं भाडं वेगळं धरून. नॅनोचा इतिहास ज्याला माहीत आहे, तो जाहीर झालेल्या किमतीवर जीव टाकत नाही, गाडी गल्लीत दिसेपर्यंत थांबतो.

आणि तेवढ्यात भागीदाराने पुन्हा पान फिरवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. पेट्रोलची टियागो ४ लाख ५७ हजारांपासून मिळू लागली. विजेच्या गाडीचा कर होता तसाच ५ टक्के, त्यामुळे दोघींमधली दरी रुंदावली. राज्याच्या २०२५च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली आहे. आंबेगावच्या माणसाच्या रोजच्या वाटेवर यातला एकही रस्ता येत नाही.

ओट्यावरच्या त्या कोटेशनचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. उठताना काकांना एवढंच म्हणालो, की सालाकडे बघा, पण दात म्हणून बॅटरीचे युनिट मोजा आणि वॉरंटीचं पान वाचून घ्या. टियागो ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी भरेल ते. नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या बॅटरीवर जुलै २०२५ पासून आयुष्यभराची, म्हणजे पंधरा वर्षांची वॉरंटी आहे. ती पहिल्या मालकापुरतीच.